स्काय बेटावरील घरे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी काही प्रवासी नव्हे. उभी हयात मुंबईत कारकुनीत गेली आणि जो काही प्रवास घडला तो मुंबई ते गाव आणि गाव ते मुंबई एवढाच. परंतु सन २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस, नोकरीनिमित्त ग्लासगो येथे राहणारी माझी कन्या व जावई यांच्या आग्रहामुळे, सौ. सह मला स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या स्काय नावाच्या बेटावर आठ दिवस काढण्याचा योग आला. तेथे मी जे पाहिले त्याचा आपल्या सर्वांच्या घरांशी संबंध आहे, असे परत आल्यावर माझ्या मनाने घेतले. म्हणून आज आपणापुढे उभा आहे.

प्रथम बेटाची थोडी ओळख करून देतो. इनर हेब्रिडीज या द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,६५६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या पावणेतीनपट. आणि वस्ती मात्र २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे अवघी दहा हजार. किनारा इतका दंतुर, की बेटावर कोठेही उभे राहिले तरी समुद्र आठ किलोमीटरांपेक्षा दूर नसतो असे म्हणतात. मध्यभागी कूलिन पर्वताचे करवतीसारखे सुळके असून त्यांतील सर्वांत उंच शिखर ९९२ मीटरांचे आहे. उत्तरेकडील ट्रॉटरनिशचे काळे कडे पाहताच मला सह्याद्रीची आठवण झाली, आणि ती अगदीच अकारण नव्हती. कारण दोहोंचा पाषाण पुरातन काळी वाहिलेल्या लाव्ह्याचाच आहे. मे-जूनमध्ये तेथे रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. पाऊस मात्र केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नाही. तेथील गेलिक भाषेत या बेटास धुक्याचे बेट असेही एक नाव आहे, ते सार्थ वाटते.

आम्ही मॅलेग बंदरातून मोटारीसह नावेत चढलो आणि पाऊण तासात बेटाच्या दक्षिण टोकास आर्माडेल येथे उतरलो. जावयांनी मोठ्या हॉटेलात न उतरता ‘निवास-न्याहारी’ची घरे निवडली होती. ही पद्धत अशी : कुटुंब घरात राहते, दोन-तीन खोल्या पाहुण्यांस देते आणि सकाळी भरपेट न्याहारी घालते. दारावर पाटी असते. जागा आहे की नाही एवढेच तिच्यावर लिहिलेले. आपल्या राज्याच्या पर्यटन महामंडळानेही याच नावाची योजना चालविली आहे, हे आपणांपैकी कोकणात जाणाऱ्यांस ठाऊक असेलच.

पहिले घर स्लीट या दक्षिणेकडील भागात होते. यजमान तरुण जोडपे होते. घर वडिलोपार्जित, पण वरची माडी पाहुण्यांस दिल्यावाचून घराची डागडुजी होत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. याच भागात साव्हल मोर ऑस्टेग नावाचे गेलिक भाषेचे महाविद्यालय १९७३ मध्ये स्थापन झाले. एका जुन्या धान्याच्या कोठारात त्याचा आरंभ झाला आणि आज तेथे दूरदूरचे विद्यार्थी येतात. घरधनी आपल्या लहानग्याशी गेलिकमध्ये आणि आमच्याशी इंग्रजीत बोलत असे. मुंबईत वाढलेल्या आपल्या नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

याच आर्माडेलशी एक जुनी हकीकत निगडित आहे. सन १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार बॉस्वेल हे दोघे हेब्रिडीजच्या प्रवासास आले होते. त्या वेळी आर्माडेल येथे बॉस्वेलने एक नाच पाहिला. त्याचे नाव होते ‘अमेरिका’. एक जोडपे गिरकी घेऊ लागते, मग दुसरे, मग तिसरे, आणि शेवटी सारेच जण गरगर फिरू लागतात. एकाचे पाहून दुसरा, दुसऱ्याचे पाहून तिसरा, असे करीत सारे गाव देशांतरास कसे निघते, तेच त्या नाचात दाखविले होते. आपल्या कोकणातही एक चाकरमानी मुंबईस गेला आणि त्याच्या मागून आळी गेली. आपण मात्र त्याचा नाच केला नाही, एवढाच फरक.

पुढे जे घडले ते नाचासारखे हौसेचे नव्हते. १८४१ मध्ये बेटावर तेवीस हजारांहून अधिक माणसे होती. १९७१ मध्ये ती सात हजारांवर आली. जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढरांत अधिक नफा दिसू लागला आणि गावेच्या गावे उठविण्यात आली. ब्रॉडफर्डच्या नैर्ऋत्येस बोररेग व सुइशनिश ही दोन गावे १८५३ च्या सुमारास अशीच रिकामी करण्यात आली. जावई आणि मी पायवाटेने बोररेगपर्यंत चालत गेलो. समुद्रालगत हिरवेगार कुरण आहे आणि त्यात छपरे नसलेल्या घरांच्या भिंती उभ्या आहेत. आत मेंढ्या चरत होत्या. एका घराची चुलीची जागा अजून ओळखू येते. आम्ही दोघेही तेथे बराच वेळ काही बोललो नाही.

सगळेच मुकाट्याने गेले असेही नव्हे. पोर्ट्री या मुख्य गावाच्या दक्षिणेस ब्रेझ म्हणून वस्ती आहे. चराऊ डोंगराच्या हक्कासाठी तेथील कुळांनी १८८२ मध्ये खंड देण्याचे नाकारले. एप्रिल महिन्यात ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आले, तेव्हा स्त्रीपुरुषांनी दगडांनी त्यांचा सामना केला. त्याचे पर्यवसान म्हणून सरकारने १८८३ मध्ये नेपियर आयोग नेमला, त्याची पहिली बैठक ब्रेझ येथेच झाली, आणि १८८६ च्या कायद्याने कुळास जमिनीवरून उठविता येणार नाही, वाजवी खंड ठरेल व वारसाहक्क राहील अशी तरतूद झाली. ‘क्रॉफ्ट’ म्हणतात ती छोटी शेतजमीन आणि तिच्यावरचे घर आज जे टिकून आहे, ते या कायद्यामुळे. खोत आणि कूळ हे शब्द ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत रोजच्या बोलण्यात होते, त्या आपणांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

अशाच एका क्रॉफ्टवरील घरात, स्टॅफिन येथे, आम्ही तीन रात्री राहिलो. प्रवासातील सुख खरे तर मला तेथे लाभले. घरमालकीण सत्तरीच्या घरातील विधवा बाई. मुले परगावी. आम्ही पोहोचलो ते ओल्याचिंब अवस्थेत; कारण वाटेत ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुमारे पन्नास मीटरांचा दगडी सुळका जवळून पाहण्याचा मोह आम्हास आवरला नव्हता. बाईंनी एकही प्रश्न न विचारता आमचे जोडे काढून घेतले, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते स्वयंपाकघरातील शेगडीपाशी ओळीने मांडले. रात्री अंथरुणात पाय सरकवतो तो गरम पाण्याची पिशवी! सौ. म्हणाली, “माहेरी आल्यासारखे वाटते.” एवढी मोठी प्रशंसा तिने माझ्या घराची चाळीस वर्षांत केलेली नाही.

सकाळच्या न्याहारीचाही एक शिरस्ता असतो. किती वाजता व काय खाणार हे आदल्या रात्रीच कागदावर लिहून द्यावयाचे. ओटची लापशी, अंडी, बटाट्याची जाड पोळी, ओटच्या कडक टिकल्या, धुरी दिलेला मासा, असे पुष्कळ पदार्थ असतात. आम्ही शाकाहारी आहोत हे आधी कळविलेले असल्यामुळे बाईंनी तवाही निराळा ठेवला होता. लापशीत साखर घालू लागलो तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या वडिलांच्या काळी तीत मिठावाचून दुसरे काही घालीत नसत.

स्टॅफिनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकात डायनोसॉर प्राण्यांची पावले उमटलेली दिसतात. वर क्विरँगचे ढासळलेले कडे आहेत. ती जमीन अजूनही सरकत असते, त्यामुळे खालचा रस्ता वरचेवर दुरुस्त करावा लागतो. हे सर्व आम्ही पाहिले. पण मला अधिक आठवते ती तिसऱ्या रात्रीची गोष्ट. दहा वाजले होते, बाहेर संधिप्रकाश होता, आणि बाई खिडकीपाशी विणीत बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, “किती सुंदर गाव आहे तुमचे! समोरच्या उतारावर घरेही पुष्कळ झाली आहेत.” त्या म्हणाल्या, “तुम्ही उन्हाळ्यात आलात. हिवाळ्यात साडेतीन-चार वाजताच अंधार पडतो. तेव्हा या खिडकीत बसून मी दिवे मोजते. समोर अकरा घरे आहेत. गेल्या हिवाळ्यात चार दिवे लागत होते. बाकीची घरे पाहुण्यांसाठी आहेत.” जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, “माझ्याही घरी पाहुणे येतात. पण पाहुणे गेले तरी माझा दिवा लागतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तर टोकास वळसा घातला. किल्म्यूर येथे जुन्या शाकारलेल्या घरांचे संग्रहालय आहे आणि जवळच्या स्मशानभूमीत फ्लोरा मॅक्डोनल्डचे थडगे आहे. पराभूत राजपुत्र चार्ल्स यास १७४६ मध्ये स्त्रीवेषात या बेटावर पोहोचविणारी ती ही धाडसी स्त्री. तेथून खाली किंग्जबर्ग लागते. तेथे १७७३ मध्ये फ्लोरा आणि तिच्या पतीने डॉ. जॉन्सनचा पाहुणचार केला, आणि ज्या पलंगावर राजपुत्र निजला होता त्याच पलंगावर त्यांना निजविले. खेडोपाडी धड खाणावळही नसे त्या काळी. प्रवासी उतरत ते लोकांच्या घरीच. पण पुढच्याच वर्षी, १७७४ मध्ये, हे यजमान कुटुंब अमेरिकेस निघून गेले. फ्लोरा काही वर्षांनी परतली, म्हणून तिचे थडगे येथे आहे.

तेथून डनव्हेगनच्या गढीत गेलो. मॅक्लाउड घराण्याची ही गढी आठ शतके त्याच कुळाकडे असल्याचे सांगतात. डॉ. जॉन्सनचा चौसष्टावा वाढदिवस, १८ सप्टेंबर १७७३ रोजी, याच गढीत आला. मीही चौसष्टीचाच असल्याने मला ती गोष्ट विशेष वाटली. त्या वेळचा यजमान, कुलप्रमुख नॉर्मन मॅक्लाउड, अवघा एकोणीस वर्षांचा होता. हाच तरुण पुढे लष्करात शिरून हिंदुस्थानात आला. आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून दक्षिणेस जात असता त्याच्या ‘रेंजर’ जहाजाची गाठ आनंदराव धुळपांच्या हाताखालील पेशव्यांच्या आरमाराशी पडली. सालबाईचा तह झालेला होता. त्याची वार्ता आरमारास पुरती पोहोचली होती की नव्हती, हा वाद बाजूस ठेवू. तुंबळ लढाई झाली, मॅक्लाउड जखमी झाला आणि जहाज विजयदुर्गास नेण्यात आले. माझे गाव देवगड तालुक्यातले. विजयदुर्गाचा बुरूज पाहत मी लहानाचा मोठा झालो. परमुलखातील एका गढीच्या दिवाणखान्यात उभे राहून आपल्या गावच्या खाडीची आठवण यावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्याच संध्याकाळी पश्चिमेकडे ग्लेनडेलच्या बाजूस आमची पुढची उतरण्याची जागा होती. घर देखणे, नवे, आतून सर्व सोयींनी युक्त. पण तेथे माणूस नव्हता. दारापाशी एक लहान पेटी. तिचे आकडे जुळविले की किल्ली बाहेर येते. ते आकडे भ्रमणध्वनीवर येणार होते आणि तेथे ध्वनिलहरींचा पत्ता नव्हता. पावसात आम्ही चौघे सव्वा तास मोटारीत बसून राहिलो. शेजारी विचारावे तर शेजारची दोन्ही घरेही तशीच, त्यांच्या दारांवरही तशाच पेट्या. अखेरीस जावई काही मैल मागे जाऊन निरोप मिळवून आले. आत सर्व काही होते : गालिचा, चहाची भांडी, सूचनांची छापील यादी. त्या रात्री सौ. म्हणाली, “घर चांगले आहे, पण येथे ‘या’ म्हणणारे कोणी नाही.” बंधुभगिनींनो, माझ्या सगळ्या भाषणाचे सार तिने त्या एका वाक्यात सांगून टाकले आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही पुलावरून मुख्य भूमीवर आलो. हा पूल १९९५ च्या ऑक्टोबरात वाहतुकीस खुला झाला. त्यावरील जबर पथकर देण्यास बेटकऱ्यांनी नकार दिला, खटले अंगावर घेतले, आणि २००४ च्या डिसेंबरात तो कर रद्द झाला. पुलामुळे प्रवासी वाढले, पैसा आला, बेटाची लोकसंख्याही पुन्हा दहा हजारांवर गेली. हे सर्व चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर घरांच्या किमती चढल्या आणि तेथेच जन्मलेल्या तरुणांस भाड्याने खोली मिळेनाशी झाली. स्कॉटलंडमध्ये अल्पमुदतीने घर देणाऱ्यांस आता परवाना सक्तीचा असून, पूर्वीपासून हा व्यवसाय करणाऱ्यांनी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करावयाचा होता. स्टॅफिनच्या बाई मात्र या कायद्यावर नाराज होत्या. “घरात राहणाऱ्या मला आणि शहरात राहून पाच घरे चालविणाऱ्याला तोच परवाना!” असे त्या म्हणत. त्यांची तक्रार मला रास्त वाटली. कायदा भिंती मोजू शकतो. भिंतींच्या आत कोण राहते याचे मोल त्यास सहसा कळत नाही.

ज्या कुटुंबांस तिकडे जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मे ते सप्टेंबरात जावयाचे असल्यास घरे पुष्कळ आधी ठरवावी. रोज मुक्काम न हलविता एकेका घरी दोन-तीन रात्री राहावे, म्हणजे यजमानांशी बोलणे होते. रस्ते पुष्कळ ठिकाणी एकाच गाडीपुरते असतात. मधून मधून बाजूस थांबण्याची जागा असते, तेथे थांबून समोरच्यास वाट द्यावी, आणि ज्यास वाट मिळाली त्याने हात उंचावून आभार मानावे. शाकाहार असल्यास आगाऊ कळवावे. पावसाळी अंगरखा आणि जाड तळाचे जोडे अवश्य न्यावे. उन्हाळ्यात बारीक चावऱ्या चिलटांचा उपद्रव फार, त्यावरचे औषधही जवळ ठेवावे. आणि शक्य तोवर जेथे कोणी राहते आहे अशाच घरी उतरावे.

आता शेवटचे. गावी आमचे वडिलोपार्जित घर आहे. आई गेल्यापासून ते बंद आहे. गणपतीस आम्ही चौघे भाऊ जातो, पाच दिवस दिवे लागतात, मग पुन्हा कुलूप. या प्रवासापूर्वी दोन महिने एका व्यावसायिकाने ते अकरा वर्षांच्या कराराने मागितले होते. मागील पडवी पाडून स्नानगृहे बांधावयाची, अंगणात पोहण्याचा हौद करावयाचा, आणि आम्हास घरबसल्या दरमहा रक्कम द्यावयाची. रक्कम वाईट नव्हती, आणि खरे सांगतो, माझी सही करण्याची तयारी झाली होती.

परत आल्यावर मी भावांपुढे दुसरा विचार ठेवला. आमचा एक चुलत पुतण्या गावातच दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याची पत्नी सुगरण आहे. त्या दोघांनी आमच्या घरात राहावे, माजघर आणि देवघर आपल्याकडे ठेवावे, ओटीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांस द्याव्या, सकाळी घावन-चटणीची न्याहारी घालावी, आणि उत्पन्नातून घर शाकारावे. आम्हास दरमहा काही मिळणार नाही. दोघा भावांस हे पटले आहे. तिसऱ्यास पटलेले नाही. त्याच्या मुलीचे शिक्षण चालू आहे आणि त्याला पैशाची निकड आहे. त्यास मी दोष देऊ शकत नाही. त्याच्या वाट्याची रक्कम आम्ही तिघांनी कशी उभी करावी, याचा मेळ अजून बसलेला नाही. येत्या गणपतीत बसून ठरवावयाचे आहे.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा असेल. त्यास सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर माझ्यापाशी नाही. एवढीच विनंती करतो, की कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा आपल्या गावी, गणपती आणि मे महिना सोडून, एखाद्या साध्या आडदिवशी जावे. तिन्हीसांजेस आपल्या अंगणात उभे राहावे. आणि आळीतील दिवे मोजावे. मग जे योग्य वाटेल ते करावे.